आभाळ न पाहिलेली कोंबडी

१४ नोव्हेंबर १९९६, गुरुवार

दिवाळी सरली. प्लेगनंतर महानगरपालिकेने हे शहर असं धुऊन काढलंय की बातमीला चिकटायला जागा उरलेली नाही. जळगावहून संपादकांचा फोन आला. सुरतेत मराठी कामगार आणि कापड यांच्यापलीकडे काही घडतं का, अशी पृच्छा. म्हटलं, घडतं, पण गुजरातीत घडतं. त्यांना विनोद आवडत नाहीत, एसटीडीच्या दराने तर मुळीच नाही. शेतीपुरवणीसाठी काहीतरी आधुनिक पाठवा म्हणाले आणि ठेवून दिला.

संध्याकाळी लोटू पंखा दुरुस्त करायला आला. लोटू नवागामला राहतो, मूळचा पारोळ्याकडचा. आधी लूमच्या मोटारी बांधायचा, हल्ली तापीपलीकडच्या एका पोल्ट्रीत वायरिंग करतो. माझा पंखा पाहून त्याला वाईट वाटलं.

"दादा, तठल्या कोंबडीस्ना पंखा यानापेक्षा भारी शे."

मग त्याने सगळं सांगितलं. थंडी पडली की आपोआप ऊब, उकडलं की आपोआप वारा, दाणा साखळीवरून पुढ्यात येतो, नळीला चोच लावली की पाण्याचा थेंब. आणि सगळा माल हलाल. मालक हाशिमभाई मुसलमान, शिकलेला, धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातला, म्हणजे मराठी बोलणारा. यंत्र आणि हलाल ही दोन पदं एका वाक्यात आली की संपादक दोन दिवस तरी गप्प बसतील. मी शाकाहारी आहे हे लोटूला सांगितलं, तर म्हणाला, "कोंबडीस्ले सांगी ठेवसू."

रविवारी जायचं ठरलं.

लेक रुपाली पुण्याला शिकायला गेल्यापासून आम्ही नवराबायको दोघंच, घर इतकं शांत असतं की लिखाण उत्तम होतं. आज जेवण लिहिता लिहिता टेबलावरच झालं. वत्सला ताट ठेवून गेली, जाताना आमटी कशी झालीय विचारलं. उत्तर द्यायचं राहिलं, कारण तेव्हा मी 'आधुनिक'ला बरा शब्द शोधत होतो.

१७ नोव्हेंबर, रविवार

सकाळी तापीवर इतकं धुकं होतं की पुलाचं पलीकडचं टोक केवळ अनुमानाने सिद्ध होत होतं. स्कूटर चालवताना वाटलं, आपण पलीकडे पोचणारच नाही, असंच पांढऱ्यात तरंगत राहू. तसं झालं असतं तरी तक्रार नव्हती.

वरियावच्या पुढे ऊस संपतो तिथे हाशिमभाईंची शेड. लांब, बुटकी, गोणपाटाचे पडदे सोडलेली. आत पाऊल टाकलं आणि थंडी, रविवार, वय, सगळं बाहेर राहिलं. मधाच्या रंगाचा उजेड. जमिनीवर तुसाचा थर आणि त्यावर तीन दिवसांची दोन हजार पिल्लं, नुसती पिवळी हालचाल. आवाज असा, की कुणी मोठ्या सुपात तांदूळ घोळवतंय आणि तिला दुसरं काही काम नाही. पंखे हलकेच गुणगुणत होते. मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. लोटूने येऊन माझ्या चपलेवर बसलेलं पिल्लू उचललं.

हाशिमभाई तिशीचा, काटक, डोळे सतत भिंतीवरच्या तापमापकाकडे. लग्नाचं विचारलं की शेडचं तापमान सांगतो. दाण्यात मका आणि सोयाबीन. मासळीची भुकटीसुद्धा नाही, कारण कारखान्यात तिच्यात आणखी काय मिसळतात याची खात्री नाही. हलाल फक्त सुरीपाशी सुरू होत नाही, ते दाण्यापासून सुरू होतं, असं तो म्हणाला. म्हणजे ही कोंबडी माझ्यापेक्षा कडक शाकाहारी ठरली. मी भुसावळ स्टेशनवर दोनदा ऑम्लेट खाल्लं आहे.

शेडच्या मागच्या दारात चुन्याची पांढरी रेघ आखलेली आहे. तिच्या अलीकडे यंत्र चालतं, पलीकडे फक्त माणसाचा हात. तिथे एकेक पक्षी हातात घ्यायचा, पाणी पाजायचं, सुरी त्याच्यासमोर परजायची नाही, एकीला दुसरीचं मरण दिसू द्यायचं नाही, प्रत्येक वेळी अल्लाचं नाव वेगळं घ्यायचं. लहानपणी मी वेदपाठशाळेत होतो, तिथे आम्हाला संकल्प सोडताना इतकं भान नसायचं. आमचं भान दक्षिणेकडे.

एवढं सगळं आहे आणि तरी पेच आहे. पेच घरात आहे आणि त्याचं नाव अमिनाबा.

अमिनाबा हाशिमची आई. सत्तरीच्या, पांढरीशुभ्र ओढणी, आवाज खालचा. या गावात लग्नाचा मसाला त्यांनी नाकाला लावल्याशिवाय कुटत नाहीत. बायका त्यांना विचारून शिजवतात, त्या खातात ते गाव खातं. आणि त्या हाशिमच्या शेडमधली कोंबडी खात नाहीत. पहिली खेप तयार झाली तेव्हा हाशिमने पहिलं भांडं घरी नेलं. बांनी ते झाकून ठेवलं आणि म्हणाल्या,

"जेणे आभ नी जोयुं, ए मरघी मारे नी खावी."

जिनं आभाळ पाहिलं नाही ती कोंबडी मला नको. झालं. गावाने तेच वाक्य उचललं. पहिली खेप शहरात गेली, जिथे कुणी आभाळाची चौकशी करत नाही.

२९ डिसेंबरला गावातल्या हाजराबेनच्या मुलाचा वलीमा, म्हणजे लग्नाची मेजवानी आहे, अर्धं गाव विलायतेहून येणार. सगळी कोंबडी हाशिमची घ्यायला हाजराबेन तयार आहेत, पण एवढंच म्हणाल्या की आधी बा खाऊ देत. त्याच लग्नाला हाशिमचे दोघे थोरले भाऊही बोल्टनहून येणार आहेत. शेड चालत नसेल तर जमीन विकायची आणि बांना घेऊन जायचं असं त्यांचं म्हणणं आहे. मागची तीन वर्षं हाशिमने हे सगळं एवढ्यासाठीच उभं केलं. बांचं उरलेलं आयुष्य घरापुढच्या याच ओटल्यावर जावं, आणि आपण त्यांच्याजवळ असावं. तापमापकाकडे बघत हे त्याने मला सांगितलं.

दुपारी बांनी मला जेवायला बसवलं. माझ्यासाठी नवं पातेलं आणि नवं स्टीलचं ताट आणलं होतं, त्याच्यावरचा दुकानाचा कागद अजून निघालेला नव्हता. खिचडी-कढी अप्रतिम. भिंतीला टेकून कल्हईचा प्रचंड थाळ उभा होता, त्यावर धूळ नव्हती. आठजण बसायचे, बा म्हणाल्या. नवरा, मुलं, सगळे एका थाळात. त्या माझ्यासमोर बसल्या, वाढत राहिल्या, जेवल्या नाहीत. मग खाईन म्हणाल्या. हाशिमचा डबा लोटू घेऊन गेला. तो शेडमध्ये उभ्यानेच खातो. पिल्लं लहान असताना उष्णता दोन अंशांनी उतरली तरी दगावतात.

२४ नोव्हेंबर, रविवार

आज शास्त्र लावलं. पाठशाळेत गुरुजींनी अन्नाचे तीन दोष सांगितले होते. एक पदार्थाचा स्वतःचा. दुसरा ज्याच्या हातून किंवा ज्याच्या घरून आला त्याचा. तिसरा वाटेत घडलेला, केस पडला, माशी बसली, असा. बांची हरकत यांतल्या कशात बसते ते शोधलं की निम्मं काम झालं. हाशिमला पटलं. धुळ्यात शिकल्याने त्याला आमच्या बाजूच्या विद्वत्तेची भीती नाही.

दुसऱ्या दोषाचा निकाल लावायला हाशिमने मौलानासाहेबांना बोलावलं. हसरे, गोल, ऐंशीच्या घरातले. त्यांनी दाणा चाखून पाहिला, खरोखर तोंडात टाकून, पाण्याच्या नळ्या पाहिल्या, चुन्याच्या रेघेपाशी थांबून मान हलवली. मग बांच्या घरी बसून दोन तुकडे मिटक्या मारत खाल्ले. बा त्यांना वाढत होत्या.

"अमिना, हलाल छे," ते म्हणाले.

"हलाल तो छे ज," बा म्हणाल्या. "में क्यां ना पाडी?" मी कुठे नाही म्हटलं?

मग खात का नाही, असं त्यांनी विचारलं. बा म्हणाल्या, भूक लागत नाही. मौलानासाहेब हाशिमकडे पाहणार होते, पण तो तोवर शेडकडे परत गेला होता.

म्हणजे हरकत धर्माची नाही. पदार्थाची आहे. पहिला दोष. आभाळ.

३० नोव्हेंबर, शनिवार

मी सुचवलं, बा आभाळ म्हणतात तर आभाळ दाखवू. लोटूने छपराचे चार पत्रे काढून पारदर्शक प्लास्टिक बसवलं. "आते कोंबडीस्ले पिच्चर बी दिसी," म्हणाला. दुपारी उन्हाचे चार चौकोन तुसावर पडले आणि पिल्लं त्यांच्यात जाऊन गोळा झाली, चार पिवळी तळी. इतकं सुंदर दृश्य मी देवळातही पाहिलेलं नाही. आम्ही तिघं पाहत उभे राहिलो.

तोटा एवढाच की छपरातून ऊब निसटायला लागली. हाशिमला तासातासाला दिवे खालीवर करावे लागतात. त्याने आपली खाट शेडमध्ये नेली.

बांना सांगायला गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, तिथे त्याला पांघरूण आहे का. मी म्हटलं, बा, आता कोंबडीला आभाळ दिसतं. हारु, म्हणाल्या. छान. आणि रजई माझ्या हातात दिली, त्याला द्या म्हणून.

पोंक आला बाजारात. बांनी शेवेबरोबर वाटीभर दिला. कोवळी ज्वारी चावताना पीक अजून झोपेत आहे असं वाटतं.

५ डिसेंबर, गुरुवार

दुपारी शेडमध्ये दाण्याच्या गोणीवर बसलो होतो, ऊब लागली, डोळा लागला. स्वप्नात मी पाठशाळेत. समोर ओळीने बटू, सगळे पिवळे, सगळ्यांना पिसं. गुरुजींनी विचारलं, अन्नाचा चौथा दोष कोणता? मला आठवेना. तीनच आहेत म्हणालो. सगळे बटू एका सुरात उत्तर देऊ लागले आणि मला त्यातलं अक्षरही समजेना, नुसता सुपात तांदूळ घोळवल्याचा आवाज. गुरुजी प्रसन्न दिसत होते. जागा झालो तेव्हा मिशीवर पीस होतं. हाशिम तापमापकाखाली उभा राहून डब्यातली रोटी खात होता, भाजीला हातही न लावता.

चौथा दोष मी जागेपणीही आठवून पाहिला. नाही.

९ डिसेंबर, सोमवार

वत्सला म्हणाली, एवढं तुम्ही रोज सांगता, मलाही एकदा ती शेड पाहायची आहे. म्हटलं, वास येतो गं, तुला नाही सोसणार. बरं म्हणाली.

१४ डिसेंबर, शनिवार

दिसणारं आभाळ पुरत नसेल, डोक्यावरचं लागत असेल, असा मी तर्क केला. पहिल्या खेपेतल्या पंचवीस मागे ठेवल्या होत्या, त्या गेला आठवडा बांच्या अंगणात सोडल्या. हाशिम सकाळी पाट्यांतून आणून सोडतो, संध्याकाळी गोळा करून नेतो, मग शेडचं राहिलेलं काम करतो. आताशा त्याच्याशी बोलायचं तर त्याच्याबरोबर चालावं लागतं. एक मुंगसाने नेली.

शेडमधल्या कोंबड्यांना माती म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. पहिल्या दिवशी पंचवीसच्या पंचवीस अंगणाच्या मध्यात उभ्या राहिल्या, परगावी उतरलेल्या वऱ्हाडासारख्या. मग एकीने पायाने माती उकरली आणि स्वतःच दचकली. बा ओटल्यावर बसून हसल्या. मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं. दिवसभर त्या कोंबड्यांशी बोलतात. दोघी जाड आहेत, त्यांना याकूब आणि हनीफ म्हणतात. बोल्टनच्या मुलांची नावं.

काल त्यातली एक शिजली. याकूब नव्हे, हनीफही नव्हे, बिननावाची. बांनी स्वतः मसाला केला, स्वतः शिजवली, वास उसापर्यंत गेला. हाशिम अंगणात कोंबड्या मोजत होता. बांनी थाळ मांडला, मला माझ्या ताटात डाळ-भात वाढला, आणि बाहेरच्या अंधाराकडे बघत बसल्या. थोड्या वेळाने थाळ उचलून भिंतीला लावला.

मी विचारलं, आता काय झालं? आता तर तिनं आभाळ पाहिलं.

"हवे ओळखाण थई गई," बा म्हणाल्या.

ओळख झाली म्हणून खाता येत नाही. आभाळ न पाहिलेली नको आणि पाहिलेलीही नको. न्यायशास्त्रात या अवस्थेला नाव आहे, पण बांपुढे ते उच्चारायचा धीर झाला नाही.

१९ डिसेंबर, गुरुवार

हाजराबेन येऊन गेल्या. भल्या बाई आहेत, ओशाळून बोलत होत्या. २६ तारखेपर्यंत बा काय म्हणतात ते कळवा, नाहीतर शहरातून माल मागवावा लागेल. बांना त्यांनी सरळच विचारलं, खाल्ली का? बा खोटं बोलत नाहीत. नाही म्हणाल्या.

हाशिम शेडच्या दारात रेघेवर बसला होता. निम्मा यंत्रात, निम्मा बाहेर. म्हणाला, "शास्त्रीजी, ती जे म्हणाली ते सगळं केलं. आणखी काय करू?"

इकडे मला सगळे शास्त्रीजी म्हणतात. आज पहिल्यांदा त्या पदवीचं ओझं झालं. वैद्यकाची पानं मनात चाळली. बंदिस्त जागेतल्या प्राण्याच्या मांसात जडपणा येतो, म्हाताऱ्या पोटाला तो आधी कळतो. उपाय हळद. दाण्यातून हळद दिली तर मांस हलकं होईल. सहा दिवस हातात आहेत. हाशिमला मी हे सांगितलं तेव्हा तो उठूनच उभा राहिला. हळद साखळीत अडकते, म्हणून तो ती हाताने कालवून हाताने घालतो आहे. कोपरापर्यंत पिवळा झाला आहे, नवरदेवासारखा. लोटूने तसं म्हणूनही दाखवलं. हाशिम हसला नाही.

२२ डिसेंबर, रविवार

याकूब आणि हनीफ आले. माणसं. जाड कोट, गोरे झालेले, स्वभावाने गोड. अंगणात आपल्या नावाच्या कोंबड्या आहेत हे कळल्यावर खूप हसले आणि मग दोघांनीही आळीपाळीने डोळे पुसले.

याकूब बांच्या पायाशी बसून बोल्टनच्या घराचं वर्णन करत होता. घरभर गरम पाण्याच्या नळ्या, बटण दाबलं की ऊब, बाहेर बर्फ असला तरी आत नुसत्या सुती कपड्यांत बसता येतं. हाशिमच्या शेडचंच वर्णन वाटलं मला. बांनी सगळं ऐकलं आणि विचारलं,

"ने जमवा टाणे घरे कोण होय?"

जेवायच्या वेळी घरी कोण असतं? याकूब म्हणाला, फ्रीजमध्ये सगळं तयार असतं बा, गरम करायचं यंत्रसुद्धा आहे, दोन मिनिटांत. सगळे कामावरून रात्री येतात, आपापलं घेतात.

प्रश्न विषयाला सोडून होता. मी विषय परत नळ्यांवर आणला, कारण लेखाला तो तपशील उपयोगी आहे.

निघताना संध्याकाळ झाली होती. पश्चिमेला हजीऱ्याच्या कारखान्यांचा केशरी उजेड धुक्यात पसरला होता, तिकडे सूर्य मावळायला विसरला असावा तसा. बा ओटल्यावर एकट्या होत्या. थोरले दोघे हाजराबेनकडे, धाकटा हळदीत.

वत्सलेला येऊन सगळं सांगावं म्हटलं, तर ती झोपली होती. ताट झाकून ठेवलं होतं. मी तिकडेच जेवलो होतो.

२५ डिसेंबर, बुधवार

हे नीट लिहून ठेवलं पाहिजे.

लोटूच्या ओळखीतला एक लूमचा कारखाना बंद पडला. तिथली पाळी बदलल्याची घंटा त्याने मिळवली. कल्पना अशी की शेडमधली उष्णता उतरली तर घरी स्वयंपाकघरात घंटा वाजावी, म्हणजे हाशिमला तिथे रात्रंदिवस पहारा द्यायला नको. दोन दिवस लोटू उसाच्या बांधाने वायर ओढत होता. आज संध्याकाळी चाचणी. लोटू शेडमध्ये थांबून उष्णतामापकाचा बल्ब थंड पाण्यात बुडवणार. घंटा वाजते की नाही ते ऐकायला घरी कुणीतरी पाहिजे, आणि वाजली तर किती वेळात वाजली हे पाहायला ते कुणीतरी हाशिमच पाहिजे, कारण त्याचा दुसऱ्या कुणाच्या कानावर विश्वास नाही.

थोरले दोघे रांदेरला जेवायला गेले होते. बांनी हळदीच्या दाण्यावरची कोंबडी शिजवली होती, शेवटचा दिवस म्हणून. हाशिम आला, हात धुतले, पिवळे ते पिवळेच राहिले. घंटेखाली उभा राहिला. घंटा वाजेना. बा म्हणाल्या, "बेह ने."

तो बसला. बांनी थाळ मांडला. उजेड उतरत होता, दिवा अजून लावला नव्हता, थाळाच्या कल्हईत खिडकीएवढं आभाळ उतरलं होतं, राखाडी, कडेने केशरी. मी माझ्या ताटासह भिंतीशी. हाशिमचे कान घंटेकडे आणि हात रिकामे होते, म्हणून त्याने एक तुकडा तोडला. बिस्मिल्ला म्हणाला, सवयीने, हळू. बांनीही म्हटलं. मग त्यांनी समोरची तंगडी उचलली, निम्मी तोडून त्याच्या बाजूला सरकवली, आणि उरलेली खाल्ली.

माझा घास हातातच राहिला. हाशिमच्या ते लक्षात यायला वेळ लागला. आल्यावर त्याने घंटेकडे बघायचं सोडलं. बा जेवत होत्या, शांतपणे, हाडाला लागलेलंसुद्धा सोडत नव्हत्या. मध्येच म्हणाल्या, मीठ जरा कमी आहे का? हाशिम म्हणाला, नाही बा, बरोबर आहे. तू वाळलास, त्या म्हणाल्या. आणि आणखी वाढलं. एवढंच बोलणं. मला मात्र शेडमधल्या त्या पहिल्या सकाळसारखं वाटत होतं, मधासारखा उजेड आणि आत कुणाला कसलीच घाई नाही.

हाजराबेनची पुतणी दारात डोकावली. बा म्हणाल्या, "हा, खाधी. हारी छे. कहेजे." खाल्ली, चांगली आहे, सांग जा.

घंटा वाजली नाही ती नाहीच. हात धुऊन आम्ही शेडकडे गेलो. लोटू दाण्याच्या गोणीवर, माझ्याच जागेवर, गाढ झोपला होता. पाण्याचा तांब्या शेजारी, बल्ब कोरडा. जागा झाल्यावर म्हणाला, "ऊब लागी गई, दादा." हाशिम त्याला रागावला नाही. मग खरी चाचणी झाली. उसापलीकडून घंटेचा आवाज आला, घरातून बांनी कंदील हलवून उत्तर दिलं.

निघताना बांनी हाशिमला हाक मारली. "काले घंटी नी वागे तो बी आवजे."

उद्या घंटा वाजली नाही तरी ये. घंटेवर त्यांचा अजून विश्वास बसलेला नाही, असं दिसतं. जुन्या माणसांचं यंत्राशी जमायला वेळ लागतो.

एकूण, हळदीने काम केलं.

२६ डिसेंबर, गुरुवार

सकाळी हाशिमचा फोन आला. वलीम्याची सगळी कोंबडी त्याच्याकडूनच. याकूब जमिनीचं बोलणं पुढच्या वर्षावर टाकतो म्हणाला. बांनी त्याला एवढंच सांगितलं की बोल्टनला मी पाहुणी म्हणून येईन, थाळ इथेच राहील. संपादकांना मी कळवून टाकलं, लेख तयार आहे, मथळा 'हळदीने सोडवला पेच'. त्यांनाही पटलं. जळगावात हळद पिकते.

आता लिहायला बसलो आहे. वत्सला ताट घेऊन आली तेव्हा तिला कालचं सगळं सांगितलं, हळदीचं प्रमाण, सहा दिवस, मांसाचा हलकेपणा. ती ताट हातात घेऊन ऐकत उभी होती. मग विचारलं,

"हाशिम कुठे बसला होता?"

"त्यांच्यासमोर. थाळाच्या पलीकडे."

"आणि एरवी?"

"एरवी शेडमध्येच जेवतो. उभ्याने. सांगितलं ना तुला."

"हो, सांगितलंत," ती म्हणाली. ताट माझ्या कागदांच्या बाजूला ठेवलं, त्यावर झाकण ठेवलं, आणि आत गेली.

कुठे बसला होता हे तिला कशाला हवं, ते कळलं नाही. लेखात त्याला जागा नाही. पहिला परिच्छेद लिहिला: दाण्यात हळदीचे प्रमाण किती असावे. खोडला. परत लिहिला. शेजारच्या गल्लीतले लूम चालू आहेत, त्यांच्या आवाजात मध्येच स्वयंपाकघरातला आवाज येतो. एक पाट सरकवल्याचा. एक ताट जमिनीवर ठेवल्याचा. मग काही नाही. थोड्या वेळाने एकदा वाटीचा.

मी रोज याच वेळी इथे असतो, तर हा आवाज रोज येत असणार.

झाकण काढून पाहिलं. आमटी आहे. वाफ अजून निघते आहे. नोव्हेंबरात तिने विचारलं होतं, कशी झालीय म्हणून.

लेख राहू दे. ताट घेऊन आत जातो, आणि काय ते तिच्यासमोर बसून सांगतो.